लाडूची ओलसर गुहा

ओले शेवाळ हिरवट दिसते. चिमटीत दाबले तर बोटांना गारवा लागतो, पण थेंब पडत नाही. कोरडे झाले की तेच शेवाळ वाळक्या गवतासारखे पिवळे पडते आणि त्यावरून काही सरकले, तर बारीक करकर ऐकू येते. फेब्रुवारीतल्या त्या सकाळी माझ्या पोटातले शेवाळ करकरत होते.

मित्रांनो, मी प्लास्टिकचा एक जुना डबा आहे. माझ्या कुशीला वाटीएवढे भोक आहे. जपानमधल्या त्सुकुबा शहरातल्या एका फ्लॅटमध्ये, काचेच्या पेटीत, मी एका पाळीव सापाची गुहा होऊन राहतो. सापाचे नाव लाडू. तो बॉल पायथन, म्हणजे बिनविषारी अजगरांपैकी एक लहानखुरा अजगर. घाबरला की डोके आत घेऊन स्वतःचा गोळा वळतो, म्हणून अकरा वर्षांच्या ओवीने त्याला हे नाव दिले.

गुहा होण्यापूर्वी मी मिसोचा डबा होतो. सोयाबीन आंबवून केलेले ते खारट मिसो इथे रोजच्या सूपमध्ये लागते. ओवीच्या आईने, जयंतीने, मला सुपरमार्केटमधून आणले. मिसो संपल्यावर शेजारपाजारचे माझे सगळे भाऊबंद प्लास्टिकच्या कचऱ्याच्या दिवशी पारदर्शक पिशवीतून निघून गेले. मी राहिलो, कारण झाकण घट्ट बसणारा डबा मराठी घरात कोणी टाकत नाही. जयंतीने मला घासून उन्हात ठेवले आणि माझ्यात पोहे भरले.

लाडू घरी आला, तेव्हा ओवीचे बाबा, श्रीहरी, तापवलेली सुरी घेऊन माझ्यासमोर बसले.

"माझ्या पोह्यांचा डबा आहे तो," जयंती म्हणाली.

"पोहे काय, पिशवीत राहतील. जावई घरी आलाय, त्याला खोली नको?"

ओवी खूप हसली. माझ्या कुशीला भोक पडले, आत ओले शेवाळ आले आणि मला खरे काम मिळाले.

हे काम साधे वाटते, पण साधे नाही. साप कात टाकतो, तेव्हा जुने कातडे नव्यापासून सुटायला हवेत पुरेसा ओलावा लागतो. ओलावा कमी पडला तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि काही तुकडे अंगाला चिकटून राहतात. सापाला पापण्या नसतात. डोळ्यांवर पारदर्शक टोप्या असतात आणि त्याही कातीबरोबरच निघाव्या लागतात. म्हणून कात टाकायच्या सुमाराला लाडू माझ्यात येऊन बसायचा. पहिली कात त्याने माझ्या भोकाशी अंग घासून टाकली. ती मोज्यासारखी उलटी, अखंड निघाली. ओवीने ती शाळेत नेली आणि बाईंनी ती वर्गात लावली. त्या आठवड्यात पेटीपाशी येणारा प्रत्येक जण वाकून मला पाहायचा.

मग जून आला. इथे जूनमध्ये सतत झिरपणारा पाऊस असतो. भिंतींना घाम येतो, कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते. माझ्यातल्या शेवाळावरही करडे ठिपके आले आणि लाडूच्या पोटावरचे खवले लालसर झाले. जयंती बॅटरीच्या पदार्थांवर संशोधन करते. तिच्या प्रयोगशाळेत ओलावा आत येऊ नये म्हणून एक वेगळी खोली बांधलेली आहे. घरातल्या ओलाव्याचाही तिने तसाच बंदोबस्त केला. शेवाळ बदलले, हवा कोरडी करणारे यंत्र खोलीत आणून ठेवले आणि ओवीला नियम घालून दिला: डब्यात पाणी घालायचे नाही, पाण्याची वाटी लहान ठेवायची, यंत्र बंद करायचे नाही. लाडूचे पोट बरे झाले. नियम बरोबर होता.

तो जूनचा नियम होता, एवढेच सगळे विसरले. शरद ऋतूत श्रीहरींची बदली नागोयाला झाली. घरात दोघी उरल्या आणि कामे तेवढीच राहिली. थंडी आली, गरम हवेचा एसी दिवसभर सुरू झाला. फेब्रुवारीत सुगी नावाच्या उंच झाडांचे परागकण हवेत पसरू लागले. त्यांनी ओवीचे डोळे सुजतात, म्हणून कपडे बाहेर वाळत घालणे बंद झाले. ओले कपडे आमच्याच खोलीत दोरीवर आले आणि ते लवकर वाळावेत म्हणून यंत्राचे तोंड पेटीकडे वळले. मला बोलता येत नाही. माझे शेवाळ रोज थोडे पिवळे होत गेले, एवढेच मला करता आले.

लाडूने त्या महिन्यात कात टाकायला घेतली आणि ती अडली. मानेवर, शेपटीवर कागदासारखे तुकडे चिकटून राहिले. दोन्ही डोळ्यांवर दुधी टोप्या तशाच राहिल्या. त्याने खाणे सोडले. श्वास घेताना त्याच्या नाकातून टिकटिक असा आवाज येऊ लागला.

"दाइजोबु?" ओवी विचारायची. ठीक आहे ना? ती मराठी समजते, पण उत्तरे बहुतेक जपानीतच देते.

"होईल ठीक," जयंती सांगायची.

ओवी शाळेत गेली की ती फोनवर श्रीहरींशी बोलायची. त्यातून मला एक गोष्ट कळली, जी ओवीला ठाऊक नव्हती. जयंतीचा करार मार्चअखेर संपत होता. दोघी नागोयाला जाणार होत्या. तिथल्या कंपनीच्या घरात प्राणी चालत नव्हते.

"सांगितलंस का तिला?" श्रीहरी विचारायचे.

"आधी बरा होऊ दे. आजारी जनावर कोण घेणार? आणि आत्ता सांगितलं तर ती मला काय म्हणेल?"

"जयू, तू हे डिसेंबरपासून म्हणते आहेस."

"तुम्हाला तिकडे बसून बोलायला काय जातंय?"

जयंतीची कादंबरी नावाची मैत्रीण आली ती एका रविवारी. ती पालींवर पीएचडी करते आणि जयंतीला ताई म्हणते. तिने दोरीवरचे कपडे पाहिले, यंत्र पाहिले, आणि माझ्यात बोट घातले.

"ताई, तुम्ही याला वाळवणाला घातलंय का?"

जयंतीने पेटीतला आर्द्रता दाखवणारा काटा पाहिला. तो साठच्या आसपास हवा होता. तो पंचविसाच्या खाली पडला होता. हा काटा ती रोज पाहत होती. कमी आकडा म्हणजे बुरशी नाही, असे समजून रोज निश्चिंत होत होती.

कादंबरी गेली आणि जयंतीने यंत्र बंद केले. इथवर ठीक होते. पण पुढे तिचा तोल गेला. तिने माझ्यात भसाभस पाणी ओतले. पेटीच्या भिंती, तळाशी पसरलेली झाडाची साल, लाडूची पाठ, सगळ्यांवर फवारले. पेटीच्या वरच्या जाळीवर ओला पंचा अंथरला. हवा खेळायची बंद झाली. तळाशी पाणी साचले आणि खालची ऊबही गेली. माझ्या पोटात डबके झाले होते आणि लाडू त्यात गोळा होऊन बसला होता, कारण लपायला त्याला दुसरी जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याच्या तोंडाशी बुडबुडे आले.

"मी शास्त्रज्ञ आहे," जयंती पेटीसमोर जमिनीवर बसून कोणालाच उद्देशून नसल्यासारखी म्हणाली. "मला एक डबा ओलसर ठेवता येत नाही."

ओवीने लाडूला उशीच्या अभ्र्यात ठेवले, अभ्रा जॅकेटच्या आत धरला आणि दोघी गाडीने डॉक्टरांकडे गेल्या. मी रिकाम्या पेटीत थांबलो. अशी वाट मी कधी पाहिली नव्हती. संध्याकाळी त्या दोघी परतल्या आणि त्यांच्याबरोबर कादंबरीही आली. अभ्र्यात हालचाल होती.

"फुफ्फुसात संसर्ग आहे," जयंतीने कादंबरीला सांगितले. "इंजेक्शनं दिलीत. डोळ्यांवरच्या टोप्या ओढायच्या नाहीत, पुढच्या कातीबरोबर निघतील, असं डॉक्टर म्हणाल्या. पण तोपर्यंत ऊब आणि ओलावा, दोन्ही एकसारखं हवं. ओलसर हवं, ओलं नको. शेवाळ पिळून घालायचं, जाळी अर्धीच झाकायची, पाण्याचं मोठं भांडं उबेच्या बाजूला. आणि दिवसातून चार वेळा कोणीतरी बघायला हवं."

"कोण बघणार?" कादंबरीने विचारले. "तुम्ही सकाळी जाता त्या दिवे लागल्यावर येता."

"मी बघेन," ओवी मराठीत म्हणाली. "शाळेत नाही जाणार."

"बरं, आणि मग शाळेचं सर्टिफिकेट लाडू देईल वाटतं तुला?" कादंबरीने तिच्या डोक्यावर टपली मारली. ओवी हसली नाही. कादंबरी जयंतीकडे वळली. "मी थीसिस लिहीत दिवसभर घरीच असते. माझ्याकडे रिकामी पेटी आहे, लाडूला मी घेते. ताई, हे मी तुम्हाला नाताळातच सांगितलं होतं."

ओवीने चटकन आईकडे पाहिले. जयंती खिडकीच्या काचेकडे पाहत राहिली.

मित्रांनो, मी एक डबा आहे, तरी एक विनंती करतो. पाळलेल्या जिवासाठी नियम करून मोकळे होऊ नका. हवा बदलते, ऋतू बदलतो, घरातली माणसे बदलतात. रोज वाका, हात घाला, आज काय हवे आहे ते पाहा. आणि त्याची काळजी घेणे आपल्याकडून निभत नसेल, तर ते बोलायला उशीर करू नका. त्या उशिरात श्वास दुसऱ्याचा कोंडतो.

अभ्र्यातून टिकटिक ऐकू येत होती. जयंती ओवीसमोर खाली बसली.

"ओवी, मार्चअखेर आपण बाबांकडे नागोयाला राहायला जातोय. त्या घरात प्राणी चालत नाहीत. हे मला डिसेंबरपासून माहीत आहे."

ओवीने अभ्रा आणखी जवळ घेतला. "बरा झाला तरी नाही?"

"बरा झाला तरी नाही."

"मग मार्चअखेरपर्यंत तरी राहू दे."

जयंतीने तिच्या हातांवर आपले हात ठेवले.

"मार्चअखेरपर्यंत तो आपल्याकडे जगणार नाही, बाळा. लाडू आत्ताच कादंबरीकडे जाईल, आणि तो तिचाच होईल."