ढोलाच्या पोटातलं नाव

शिनोचं म्हणणं एवढंच होतं, की कुनिओला लाज वाटायला हवी. पोटचा पोर, चाळिशी उलटलेला, आणि ढोलाचा सूर विचारतो कुणाला? तर हातातल्या त्या सूर मोजायच्या डबीला! आई तीन हातांवर बसलीय, हे त्याच्या गावीही नाही.

"आई, हे यंत्र चुकत नाही."

"चुकायलासुद्धा आधी कान लागतात, बाबा."

शेजारचा म्हातारा कामेजी दोर पिळायचे दांडके मांडता मांडता फिस्सकन हसला. "ऐक कुनिओ. तुझा बापही निमूट ऐकायचा."

देवळाचा हा ढोल शेवटचा मढवला होता शिनोच्या नवऱ्याने, गेनसाकुने, एकतीस वर्षांपूर्वी. तो कातड्यावर उभा राहून टाचा आपटायचा, कामेजी दोर पिळायचा, आणि आवाज लागला की नाही हे गेनसाकु बायकोच्या तोंडाकडे बघून ठरवायचा. शिनोने मान हलवली की कातड्याच्या कडेला खिळे ठोकायचे. तिला शाबास म्हणून कधी एक शब्द नाही. उत्सवात तर बायकांनी त्या ढोलाला शिवायचंही नाही. गेनसाकुला जाऊन सहा वर्षं झाली होती. नवं कातडं चढलं की त्याच्या ढोलाचा तो आवाज एकदा तरी कानी पडेल, या आशेवर ती सकाळपासून कारखान्यात ठाण मांडून होती.

जुनं कातडं निघालं. मढवणारा आपलं नाव लाकडावर आतून शाईने लिहितो. कुनिओने दिवा आत धरला आणि डोकंही आत खुपसलं.

"काय रे? वाळवी?"

"तूच बघ."

शिनोला अक्षरं जेमतेम लागायची. पण गेनसाकुच्या नावाखाली, तिला वाचता यावं अशा सोप्या, ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं : कान – शिनो.

"मेल्या," ती पुटपुटली, "मी जन्मात बघणार नाही तिथं लिहून ठेवलंस होय!"

कुनिओने डबी खिशात टाकली. आपलं नाव लिहिलं, कुंचला पुन्हा शाईत बुडवला. "खाली तुझं लिहितो."

"मी अजून मान कुठे हलवलीय?"

"बाबांनी तरी कुठे वाट बघितली होती? कातडं चढायच्या आधीच लिहिलं ना!"

तिने शाईची वाटी त्याच्याकडे सरकवली.

नवं कातडं चढलं. कुनिओ वर उभा राहून टाचा आपटू लागला. "बस?"

"अजून."

"फाटेल गं!"

"अजून अर्धा पीळ. कामेजी, झोपलास काय?"

मग कुनिओने खाली उतरून दांडी हाणली. घुमारा तिच्या बरगड्यांतून गेला, दारातून समुद्राकडे गेला. तो विरेपर्यंत ती डोळे मिटून बसली.

"हा त्याचा आवाज नाही," ती कुनिओला म्हणाली. "तो आता यायचा नाही. पण खोटा नाही हा. ठोक खिळे."