अंगठ्याएवढी अक्षरे

सासूबाई शिवणयंत्र चालवीत, मी टंकलेखनयंत्र चालविले, माझी सून रुग्णालयात क्ष-किरणांचे यंत्र चालविते. या तिघींच्या मागून आमच्या घरात माझी नात आली. स्वस्थ बसणे तिला जन्मापासून जमलेले नाही, म्हणून सारे तिला ठिणगी म्हणतात. घरातील प्रत्येक बाईचे स्वतःचे एक यंत्र असावे आणि पुरुषांनी विचारल्यावाचून त्याला हात लावू नये, हा सासूबाईंनी घालून दिलेला नियम मी मोडू दिलेला नाही. ठिणगीचे यंत्र तेवढे ठरायचे होते.

ते ठरले थोरल्या जाऊबाईंच्या डोळ्यांमुळे.

लग्न होऊन मी या घरात आले आणि टंकलेखन शिकू लागले, तेव्हा रोज दुपारी जाऊबाई मला मजकूर सांगत. कळांवर फडके पांघरलेले, फडक्याखाली माझी बोटे, आणि समोर वर्तमानपत्र धरून त्या. स्वल्पविराम, पूर्णविरामही खणखणीत उच्चारीत; मंत्र्याचे भाषण असले तर आधी मंत्र्यासारखा घसा खाकरीत. मला नोकरी लागली त्या दिवशी मी त्यांना विचारले, की हे ऋण कसे फेडू? त्या म्हणाल्या, पुढे जे काही लिहिशील ते सर्वांआधी मी वाचणार, आणि माझ्या डोळ्यांनी वाचणार. तेव्हापासून माझा एकही लेख त्यांच्या नजरेखालून गेल्यावाचून घराबाहेर पडलेला नाही. परंतु लेख त्या व्याजात धरीत. मुद्दल म्हणजे पुस्तक, असे दरवेळी बजावीत.

पुस्तक यंदा लिहून झाले, आणि यंदाच जाऊबाईंना टंकलिखित अक्षर दिसेनासे झाले. मोठे अक्षर अजून काही काळ वाचता येईल, असे डॉक्टर म्हणाले. किती काळ, ते सांगेनात. मी वाचून दाखवू का, असे विचारले, तर उत्तर आले, "मला कुणी घास भरवलेला आवडत नाही, धाकटे." माझ्या यंत्राला तर अक्षराचे एकच माप ठाऊक. मुद्दल बुडीत निघण्याची चिन्हे दिसू लागली.

तेव्हा ठिणगी एक खोके घेऊन आली. त्यात लॅपटॉपचे सारे अवयव सुटे होते. पडदा वेगळा, कळफलक वेगळा, बॅटरी वेगळी, आणि तळहातावर मावेल असा एक हिरवा बोर्ड. सगळा संगणक म्हणे त्या एवढ्याशा बोर्डात होता. तयार वस्तू बाजारात मिळत असताना हा उपद्व्याप कशासाठी, असे मी विचारले.

"तयार आणला तर तो म्हणेल तसं आपण वागायचं, आजी," ती म्हणाली. "हा आपण जुळवायचा, त्यात लिनक्स ही हवी तशी बदलता येणारी प्रणाली घालायची. मग आपण म्हणू तसं तो वागतो."

हे धोरण मला पटले. घर मीही याच धोरणाने चालवीत आले आहे. मी जेवणाचे टेबल मोकळे करून दिले.

बारीक स्क्रू वाट्यांतून मापवार मांडले गेले. ते दिसावेत म्हणून जाऊबाईंचे भिंग मागून आणले. त्यांनी ते दिले, पण सोबत स्वतःही आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. मुलगा चहा आणि सल्ला घेऊन आला. आम्ही चहा ठेवून घेतला. नखाएवढ्या एका कार्डावर ठिणगीने लिनक्स उतरवून घेतले, ते कार्ड बोर्डाच्या कडेला सरकवले आणि बटणावर बोट ठेवले. सून नुकतीच कामावरून आली होती. ती सवयीने म्हणाली, "श्वास धरा. हलू नका." आम्ही खरोखरच धरला.

काळ्या पडद्यावर ओळी धावल्या, कोपऱ्यात विजेचे एक चिन्ह चमकले आणि सारे विझले. पुन्हा केले, पुन्हा तेच. मोबाइलचा चार्जर या बोर्डाला पुरत नाही, असा शोध ठिणगीला लागला. उपाशी पोटी कुणालाही कामाला जुंपलेले माझ्या घरात चालत नाही. मी तिला तत्काळ योग्य चार्जर आणायला पिटाळले. तो जोडताच पडदा उजळला. त्यावर सासूबाईंच्या शिवणयंत्राचे चित्र होते. ते ठिणगीने आधीच घालून ठेवले होते. मी मान डोलावली. ती सहसा डोलत नाही, हे घरात सर्वांना ठाऊक आहे.

"सोडा आता श्वास," सून म्हणाली.

पुढचे विघ्न माझ्या बोटांचे. नव्या कळफलकावर त्यांनी जे उमटवले ती कोणाचीही भाषा नव्हती. ठिणगीने माझे जुने यंत्र शेजारी ठेवले आणि त्याची एकेक कळ जशीच्या तशी लॅपटॉपमध्ये वसवली. मग मात्र मी पुस्तक सपाट्याने उतरवू लागले. डावा हात ओळ संपली की जुन्या यंत्राचा ओळ बदलण्याचा दांडा ढकलायला जाई आणि चहाचा कप थोडक्यात बचावे, इतकेच.

पहिले प्रकरण झाल्यावर ठिणगीने अक्षरे अंगठ्याएवढी केली आणि लॅपटॉप जाऊबाईंपुढे ठेवला. त्या पुढे वाकल्या, थोडे वाचले आणि माझ्याकडे वळल्या.

"कविता कधीपासून करायला लागलीस?"

मी पाहिले. एक ओळ लांब, पुढची दोन शब्दांची, पुन्हा एक लांब. टंकलेखनयंत्राच्या सवयीने मी प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर दाबून ओळ तोडली होती, आणि अक्षरे मोठी होताच त्या साऱ्या तोडलेल्या जागा उघड्या पडल्या होत्या. जाऊबाईंची नजर त्या फुटक्या ओळींत हरवे, मागे येई, पुन्हा हरवे. त्यांनी डोळे चोळले.

हे यंत्र ओळ आपोआप बदलते, एंटर दाबायचे नसते, हे मला समजले. पण समजणे डोक्याचे आणि दाबणे बोटांचे. दुसऱ्या प्रकरणात मी तेच केले. सवय सोडीन, असे मी म्हणाले, आणि आवाजात जरब आणूनही ते खरे वाटले नाही.

"सवय कशाला सोडतेस?" ठिणगी म्हणाली. "बदलायचं यंत्राला. तुला नाही."

तिने मोडलेल्या ओळी एका आज्ञेत सांधल्या. नंतर अशी योजना केली, की ओळ संपत आली की लॅपटॉपमधून घंटी वाजावी, माझ्या जुन्या यंत्राची हुबेहूब. मी एंटर दाबावे, आणि त्याने निमूटपणे दोन शब्दांत जागा सोडून पुढे चालावे. नवा परिच्छेद हवा असेल तर दोनदा दाबावे. इतके आज्ञाधारक कोणी या घरात याआधी आले नव्हते. ठिणगीचे यंत्र ठरले. ते मी वापरते, तिच्या परवानगीने.

मग आमच्या त्या जुन्या दुपारी पुन्हा सुरू झाल्या. मी उतरवी, जाऊबाई वाचीत. एक नायिका त्यांना मुळीच आवडली नाही, आणि ते त्यांनी मला रोज ऐकवले. शेवटचे पान आले तेव्हा त्यांनी लॅपटॉप स्वतःच जवळ ओढला, मंत्र्यासारखा घसा खाकरला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. ठिणगी दारात उभी राहिली. पदराखाली माझी बोटे आपोआप चालू लागली.

"स्वल्पविराम," जाऊबाई म्हणाल्या. शेवटचे वाक्य त्यांनी सावकाश, एकेक शब्द स्वतःच्या डोळ्यांनी उचलून घेतला. "पूर्णविराम."

मग त्यांनी लॅपटॉप मिटला आणि माझ्याकडे पाहिले.

"मुद्दल पोचलं, धाकटे. फिटलं सगळं."