पाईक माशाने ओढून नेलेली खोपटी

सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण आपल्या करखात्याने एकदा आठवड्याच्या आत पैसे परत केले होते. मिनेसोटात, मार्च महिन्यात, आणि तेही मार्लिस हाउगेनला. परवा तिच्या मुलीच्या, केर्स्टनच्या पदवीची मेजवानी होती. मार्लिसच्या गॅरेजात घडीच्या खुर्चीवर बसून, मांडीवर हॉटडिशची, म्हणजे इकडच्या बटाटे-मांसाच्या भाजलेल्या पदार्थाची, कागदी ताटली सांभाळत मी शेजाऱ्यांना हेच सांगत होतो.

मार्लिस शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. नवरा गेल्यापासून एकटीने मुलीला शिकवलं. आजवर तिने कोणाचं बर्फ उपसायचं फावडंसुद्धा उसनं घेतलेलं नाही. कोणी मदत देऊ केली, की त्याच्या हातात केक ठेवून त्याला वाटेला लावते.

गोष्ट गेल्या वर्षीची. मार्चमध्ये मी वाचनालयात बसून लोकांचे कराचे रिटर्न फुकट भरून देतो. कॉलेजच्या फीपैकी काही भाग सरकार करातून सोडतं, आणि करच थोडा असेल तर काही रक्कम हातातही देतं. केर्स्टनची राहिलेली फी त्यातूनच जायची होती. ती गेली नसती, तर शेवटच्या वर्षाला तिचं नाव लागणार नव्हतं.

मार्लिसचा रिटर्न पाठवायला मी संगणकाचं बटण दाबलं आणि तो उलट पावली परत आला. केर्स्टनने आधीच फोनवरून स्वतःचा रिटर्न भरून टाकला होता. तुमचा भार दुसरं कोणी उचलतं का, या प्रश्नाला पोरीने ताठ मानेने ‘नाही’ म्हटलं होतं. का, तर ती वसतिगृहात भांडी घासते. आता आईला सवलत कशी मिळणार? मार्लिस तिला फोनवर एवढंच म्हणाली, “मग तुझ्या गाडीचा विमा कोण भरतं गं, राज्यपाल?”

दोघींचे रिटर्न दुरुस्त करून कागदावर, टपालाने पाठवले. कागदाला महिनोन्‌महिने लागतात, आणि फीची मुदत तोंडावर आलेली. मार्लिसने कोट चढवला आणि पोरीला वर्षभर घरी बोलवावं लागेल, असं कोटाच्या बटणांना सांगितलं.

गंमत आहे ती पुढेच. करखात्यात एक बाई आहे, लहानपणी आपल्याच तळ्यावर मासे धरलेली. पाकिटावर गावाचं नाव वाचून तिचे डोळे भरून आले. तिने तिथल्या तिथे शिक्का मारला. थंडी अशी, की चेक टपालात गोठून काडकन मोडला असता. म्हणून तिने पैसे परस्पर कॉलेजात भरले.

शेजारच्या ऑडनने लोणच्याची काकडी चावत विचारलं, “तुझी बर्फावरची मासेमारीची खोपटी गेली ती त्याच आठवड्यात ना?”

त्याच आठवड्यात, पण तो प्रसंग वेगळा, मी म्हटलं. खोपटी माझ्या हातची होती. लाल दार, आत शेगडी, निजायला दोन फळ्या. गळाची दोरी मी तिच्याच खांबाला बांधली होती आणि गळाला लागला पाईक, या गॅरेजएवढा. त्याने खोपटी तळ्यावरून फरफटत नेली आणि बर्फाखाली ओढली. धुराडं शेवटपर्यंत धूर सोडत होतं.

सगळे हसले. मार्लिस कॉफीची किटली घेऊन माझ्या मागे कधी आली, कळलं नाही. तिने माझा कप काठोकाठ भरला.

“खात्याचा चेक ऑगस्टमध्ये आला, ट्रिग्वे,” ती म्हणाली. “गोठलेला नव्हता.”

केर्स्टन ताटल्या गोळा करता करता थांबली.

“आणि खोपटी पाईकने नाही नेली. तू ती पलीकडच्या गावच्या पॉल्सनला विकलीस. मी त्याच्याकडून परत आणली आहे. मागच्या अंगणात उभी आहे, दार तेवढं रंगवून घे.”