डावीकडचा आवाज

"माझे कान तपासून आली मी," पौर्णिमा दारातूनच म्हणाली. "डॉक्टर म्हने, कान एकदम झकास आहेत. आता तुमी सांगा, डावीकडून आवाज दबका काऊन येते?"

ओमप्रकाश उमाळे पाठमोरा बसला होता. त्याच्यापुढच्या फळीवर तिचा हेडफोन पुन्हा सुटा होऊन पडला होता. एकीकडे चामड्याची पट्टी, एकीकडे कानाच्या गाद्या, आणि त्याच्या हातात बाभळीच्या लाकडाची वाटी. वाटीच्या काठावरून तो काचपेपर फिरवत होता. तिचं बोलणं संपलं तरी फिरवतच राहिला. 'या' नाही, 'बसा' नाही.

पौर्णिमाच्या डोक्यात तिडीक गेली. 'तयार आहे, घेऊन जा' असा त्याचाच मेसेज काल आला होता. म्हणून ती मे महिन्याच्या उन्हात अमरावतीहून एसटीत बसली. मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडीचं चाक बसलं, तेव्हा सगळ्या प्रवाशांबरोबर रस्त्याकडेच्या एका लिंबाखाली ताटकळली. अकोल्याच्या स्टँडवरून जुन्या शहरात यायला ऑटोवाल्याशी भांडली. आणि हा माणूस तिच्याकडे पाठ करून लाकूड घासत होता.

"अहो उमाळे!"

आतून त्याची बायको आरती पाण्याचा गिलास घेऊन लगबगीनं आली. आधी तिनं नवऱ्याच्या खांद्याला हात लावला, मग गिलास पौर्णिमाला दिला. ओमप्रकाश वळला आणि दचकल्यासारखा हसला.

"अरे, ताई! कवा आल्या?"

पौर्णिमा मूळची अंजनगाव सुर्जीची. लग्न होऊन अमरावतीत आली आणि राजकमल चौकाजवळच्या एका जिन्याखालच्या खोलीत तिनं टायपिंगचं दुकान घातलं. आधी अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं असायची. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला तसं वेगळंच काम येऊ लागलं. सोसायट्यांच्या सभा, कुठल्या कुठल्या चौकशा, पीएचडीवाल्यांनी खेड्यांत घेतलेल्या मुलाखती. लोक रेकॉर्डिंग आणून देत आणि ती ऐकून टाइप करी. सभेत चार जण एकदम ओरडले तरी कोण काय बोललं ते तिला वेगळं काढता येई. मात्र बाजारातला कुठलाच हेडफोन तिच्या लहानशा डोक्यावर धड बसला नव्हता. चष्म्याची काडी आणि हेडफोनची कड यांच्यामध्ये कानामागे घट्टा पडला होता.

एकदा एका प्राध्यापकानं मुलाखतींसोबत आपला हेडफोनच तिच्याकडे ठेवला. "यावर ऐका, सोपं जाईल," म्हणाला. लाकडी होता. तो लावून तिनं हिवरखेडच्या एका म्हातारीची मुलाखत सुरू केली, तर उत्तर देण्याआधी म्हातारीनं घेतलेला श्वास ऐकू आला. मागं कोणीतरी सुपानं धान्य पाखडत होतं. टाइप करायचं सोडून पौर्णिमा नुसती ऐकत राहिली. दुकान बंद करण्याआधी तिनं त्याच हेडफोनवर सारंगी लावली. माहेरी रेडिओवर सारंगी लागली की वडील 'काय रडगाणं आहे' म्हणून बंद करत. त्या संध्याकाळी तिनं ती शेवटपर्यंत ऐकली.

हेडफोन अकोल्याचा निघाला. आतले बारके स्पीकर उमाळे बाहेरून मागवायचा, बाकी सगळं घरचं. मोडीत निघालेल्या बैलबंड्यांची लाकडं आणून तो वाट्या कोरायचा, आरती गाद्या शिवायची. पुण्या-बंगलोरचे शौकीन त्याच्याकडे नंबर लावून बसत. पौर्णिमानंही नंबर लावला.

"कानाले इतकं महागाचं लावते का कोनी?" तिचा नवरा शेखर म्हणाला होता. "लोकाइचे भांडणं आयकाले?"

दसऱ्याच्या सुमाराला ती पहिल्यांदा अकोल्याला गेली, तेव्हा उमाळेनं शिंप्याचा टेप घेऊन तिच्या डोक्याचं माप घेतलं होतं. एका कानावरून दुसऱ्या कानापर्यंत. चष्मा लावून एकदा, काढून एकदा. ब्लाऊज सोडला तर तिच्या मापाची वस्तू आजवर कोणी केली नव्हती. त्या दिवशी परतताना ती फार खुशीत होती.

तेव्हापासून मात्र नुसता वैताग. उमाळे कधीच फोन उचलत नसे. मेसेजला उत्तर येई, तेही 'पुढच्या हप्त्यात'. संक्रांतीला एकदाचा हेडफोन हातात आला. घरी जाऊन लावला तर डावीकडून आवाज असा, जसं कोणी गोधडीतून बोलत आहे. ती तो परत घेऊन गेली. उमाळेनं स्वतःच्या कानांना लावला, डोळे मिटले, मान हलवली.

"बराबर आहे ताई. दोनी बाजू सारख्या. तुमच्या डाव्या कानात मळ असन."

मळ! ज्या कानांवर तिचं घर चाललं त्या कानांत! तरी हेडफोन पुन्हा पाहायला त्याच्याकडेच ठेवून ती गेली डॉक्टरकडे. काचेच्या खोलीत बसून, 'टुक' ऐकू आलं की बटण दाबत राहिली. डॉक्टर म्हणाले, "वीस वर्षांच्या पोरीचे कान आहेत तुमचे." तो कागद पर्समध्ये घालून ती आज आली होती.

"बसा ना ताई," आरती म्हणाली.

"बसाले नाही आली मी. तयार आहे म्हनून मेसेज कोनं केला मंग?"

"तयारच होता," ओमप्रकाश तिच्या तोंडाकडे बघत म्हणाला. "सकाळी पुन्ना लावून पाह्यला, तर डावीकडून जरा जास्त वाटला. म्हटलं आतून अजून थोडा नमदा लावतो, लोकरीनं आवाज दबते."

"अजून? डावीकडून आधीच काही आयकू येऊन नाही राहिलं, आन तुमी अजून दाबता?"

"तुमाले तसं वाटते. मी किती वर्षांपासून हेच काम करून राहिलो, ताई."

"करून राहिले, पण एक फोन उचलणं नाही होत तुमच्यानं!"

"येतच नाही मले फोन. तुमच्या तिकडं रेंज नसन."

हे ऐकून पौर्णिमाला हसावं की हेडफोन उचलून भिंतीवर मारावा ते कळेना. ओमप्रकाश पुन्हा फळीकडे वळला होता. तिनं पर्समधून मोबाइल काढला आणि त्याच्या पाठीमागे उभी राहून त्याचाच नंबर लावला. तोंडावर खोटा पाडायचा होता त्याला.

खुंटीला त्याचा शर्ट लटकत होता. शर्टाच्या खिशात फोन वाजू लागला. जुन्या टेलिफोनची घंटा, तीही पूर्ण आवाजात. त्या एवढ्याशा खोलीत ती कानठळ्या बसवत होती. बाहेर गल्लीतल्या एका बाईनं वाकून आत पाहिलं. ओमप्रकाश नमद्याची चकती कापत होता. त्याच्या कात्रीची लयही मोडली नाही.

घंटा वाजून वाजून बंद पडली.

पौर्णिमानं आरतीकडे पाहिलं. आरतीनं मान खाली घातली आणि पौर्णिमानं ठेवलेला रिकामा गिलास उचलून पदराच्या टोकानं पुसायला लागली.

"कवापासून?" पौर्णिमानं हळूच विचारलं.

"साल झालं. उजवा कान आधी गेला, आता डावाही चालला. पुण्याचा एक माल वापस आला, बंगलोरचा एक आला. मी म्हटलं मशीन लावा. तं म्हनते, हेडफोन बनवणारा मानूस कानाले मशीन लावून बसला, तं त्याच्याकडून घेईन कोन?"

"मंग मले काऊन नाही सांगतलं? मी आपले कान तपासत फिरून राहिली!"

"कसं सांगू ताई? त्याइनं सोताले तरी कुठं सांगतलं?"

दया वगैरे पौर्णिमाला काही वाटली नाही. तिला या दोघांचाही भयंकर राग आला होता. सगळा उन्हाळा एसटीत गेला, डॉक्टर झाला, शेखरचे टोमणे झाले, आणि हे लोक एकमेकांपासून लपवत बसले. ती फळीच्या पलीकडे गेली आणि ओमप्रकाशच्या समोर स्टूल ओढून बसली.

"जोडा," ती म्हणाली.

"काय?"

"हेडफोन जोडा. नमदा नका लावू. आहे तसा जोडा."

ती मोठ्यानं बोलली नाही, पण तोंड त्याच्यासमोर ठेवून बोलली. ओमप्रकाशनं गुमान वाट्या पट्टीत बसवल्या, गाद्या चढवल्या. तिनं आपल्या मोबाइलवर हिवरखेडच्या म्हातारीची मुलाखत लावली.

"घाला."

त्यानं घातला. "बराबर आहे," तो म्हणाला. "दोनीकडून सारखा."

"आता उलटा घाला. डावा उजवीकडं, उजवा डावीकडं."

ओमप्रकाशचा चेहरा बदलला. "उलटा काऊन? उलटा कोनी घालते का?"

"घाला तं खरं."

"काही गरज नाही त्याची."

"उमाळे भाऊ, दसऱ्यापासून तुमच्या घराचा उंबरठा झिजवून राहिली मी. एवढं ऐका माझं."

तरी तो हलला नाही. शेवटी पौर्णिमानंच हात पुढे करून हेडफोन त्याच्या डोक्यावरून काढला, उलटा केला आणि त्याच्या कानांवर बसवला. म्हातारी बोलत होती.

ओमप्रकाशनं डोळे मिटले. मग उघडले. हात आपोआप उजवीकडच्या वाटीकडे गेला. ती त्यानं कानावर दाबली, सोडली, पुन्हा जोरात दाबली. एका बोटानं वाटीवर टकटक केली. म्हातारीनं काय सांगितलं आणि ती कशावर हसली, त्यातलं त्या बाजूनं त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. आरती भिंतीला टेकून उभी होती.

आपण हे त्याच्या बायकोसमोर करायला नको होतं, असं पौर्णिमाच्या मनात आलं. पण आता होऊन गेलं होतं.

त्यानं हेडफोन काढून फळीवर ठेवला, उठला आणि मागच्या अंगणात गेला. तिथं त्याच्या भावानं बाजारासाठी आणलेल्या झेंडूच्या गोण्या रचलेल्या होत्या. त्यांतल्या एका गोणीवर तो बसला. आरतीनं चहा ठेवला, तोही उकळून आटला.

परत आला तेव्हा त्यानं तोंड धुतलं होतं. त्यानं डाव्या वाटीची गादी सोडवली आणि आतून नमद्याची एक चकती काढली. खाली दुसरी होती. तिच्याखाली आणखी एक. उजव्या वाटीत एकच होती, तीही पातळ. डावीकडचा आवाज आपल्या उजव्या कानाइतका खाली यावा म्हणून तो दर वेळी एकेक चकती वाढवत आला होता.

"लावा," तो म्हणाला. आता तो तिला सांगत होता.

तिनं लावला आणि हात हलवला. अजून नाही. त्यानं आणखी एक चकती काढली. तिनं पुन्हा लावला. मग चकती काढून चालेना. एकीकडून आवाज उघडा पडला, भांड्यासारखा वाजायला लागला. तो चकतीला भोक पाडायचा, कडा कातरायचा, पुन्हा तिच्याकडे द्यायचा.

"भांड्यासारखा म्हंजे? पितळेच्या का स्टीलच्या?" तो वैतागून विचारी.

"मले काय माहीत? भांड्यासारखा!"

"असं नाही चालत ताई. बराबर सांगा. तुमी सांगसान तं मी करीन."

"स्टीलच्या. डब्याचं झाकण पडल्यासारखा."

"हं. आता कळलं."

ऊन उतरायला लागलं तेव्हा म्हातारीचा श्वास मधोमध आला. ना डावीकडे, ना उजवीकडे, तर अगदी तिच्या पुढ्यात, जसं कोणी समोर बसून बोलतंय. पौर्णिमानं सारंगी लावली. ती ऐकत बसली. मध्ये एकदा डोळे उघडले, तर ओमप्रकाश तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होता. पापणीही न हलवता. त्या खोलीत सारंगी जेवढी त्याला मिळण्यासारखी होती, तेवढी तो तिथूनच घेत होता. तिला एकदम संकोच वाटला. पण तिनं तोंड फिरवलं नाही. गत संपेपर्यंत तशीच बसली.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं."

"मंग घेऊन जा. शेवटची गाडी चुकन तुमची."

पुढे एकदा त्याचा मेसेज आला, 'पुण्याचे दोन राहिले आहेत. रविवारी येता का?' मी काय याची नोकर आहे का, असं शेखरला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणून पौर्णिमानं मोबाइल आपटला आणि रविवारी गेली. पुण्याचे दोन्ही झाले. त्यानंतर उमाळेनं नवं काम घेतलं नाही. येणाऱ्यांना 'बंद केलं' एवढंच कळवी. कोरायचं यंत्र विकलं, असं आरतीनं फोनवर सांगितलं. ते आता भावाच्या फुलांच्या दुकानात बसतात, आणि हो, मशीन लावलं एकदाचं.

पुढच्या दसऱ्याच्या आधी कामानं अकोल्याला आली तेव्हा पौर्णिमा बाजारात गेली. फुलांच्या ओळीत पाय ठेवायला जागा नव्हती. लाऊडस्पीकर, मोटारसायकली, भाव ओरडणारे लोक. ओमप्रकाश झेंडूच्या ढिगामागे बसून तोरणं ओवत होता. उजव्या कानामागे कातडीच्या रंगाचं मशीन होतं. तिला बघून त्याचा चेहरा उजळला.

"कसं आहे मशीन?" तिनं विचारलं.

"भंगार!" तो उखडलाच. "कोनं बनवलं त्याले माझ्यासमोर आना. मानूस बोलला तरी पत्रा वाजते, गाडी गेली तरी पत्राच वाजते. पोटातून येनारा आवाज तं नाहीच यात. सगळं एका मापाचं! कोनाचा कान पाहून बनवलं का हे?"

"मंग तक्रार करा ना कंपनीत."

"काय म्हनलं?"

"म्हटलं, तक्रार करा!"

मागून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला. ओमप्रकाशनं तोंड वाकडं करून डोळे मिटले. मग कानामागचं मशीन काढलं, रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं आणि हातातलं तोरण मांडीवर ठेवून तिच्या तोंडाकडे नीट बघत बसला.

"हं, ताई," तो म्हणाला. "आता बोला."