बांधलेला देव

सोरच्या लोकांना गर्व होता असं म्हणतात. होताच, आणि का नसावा? शहर भर समुद्रात, खडकावर. भोवती शंभर हात उंच भिंत. जगातले राजे आमच्या जांभळ्या रंगाची वस्त्रं नेसायचे. समुद्री गोगलगायींपासून तो रंग उकळून काढण्यात माझी तीस वर्षं गेली. सडक्या गोगलगायींचा वास राजांना कधी आला नाही, तो आमच्या वाट्याला होता.

मल्किया नावाचा एक यहूदी आमच्या गल्लीत तेल आणि मध विकायचा. त्याच्या लोकांच्या एका संदेष्ट्याने अडीचशे वर्षांपूर्वी सोरच्या नाशाचं भाकीत केलं होतं. सणाच्या जेवणावळीत लोक मल्कियाला खजूर देऊन ते भाकीत म्हणायला लावायचे.

"हं मल्किया, होऊ दे आमचा सत्यानाश!"

मग तो घसा खाकरून सुरू व्हायचा. देव तुमच्या भिंती पाडील, तुमचे दगड, लाकडं, माती पाण्यात लोटील, खडक तेवढा उघडा ठेवील. लोक पोट धरून हसायचे.

"अरे, बाबेलचा राजा तेरा वर्षं किनाऱ्यावर बसला नि हात हलवत गेला. तेव्हा काय तुमचा देव झोपला होता?"

"ते त्यालाच विचारा. आम्ही विचारून दमलो," मल्किया म्हणायचा आणि खजूर तोंडात टाकायचा.

मग ग्रीकांचा तरणा राजा आला. त्याच्याकडे पुरेशी जहाजं नव्हती, म्हणून आम्ही निवांत होतो. त्याने किनाऱ्यावरचं जुनं सोर पाडलं आणि त्याचेच दगड, तुळया, माती समुद्रात टाकत आमच्या बेटाकडे रस्ता बांधायला घेतला. भिंतीवरून ते बघताना कुणीतरी मल्कियाला म्हणालं, "ते म्हण रे परत." तो नको म्हणाला आणि खाली उतरून गेला. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

रस्ता रोज थोडा पुढे सरकायचा. अशात एका माणसाने चौकात सांगितलं, की स्वप्नात सूर्यदेव शहर सोडून निघालेला दिसला. इतर गावी अशा वेळी लोक देवाची करुणा भाकतात. आमच्या पंचांनी हुकूम काढला, की सूर्यदेवाच्या मूर्तीला सोन्याच्या साखळीने मेलकार्तच्या वेदीशी बांधा. मेलकार्त आमचा नगरदेव, तो कुणाला जाऊ देणार नाही! आम्हाला यात काही वावगं वाटलं नाही. साखळी घडवायचं काम माझ्या धाकट्या भावाला, बोदोला मिळालं.

त्याच सुमारास बायका-मुलांना कार्थेजला न्यायला जहाजं धक्क्याला लागली. बोदोची बायको बाळंतपणात गेलेली, त्याची नऊ वर्षांची लेक अरिशत माझ्याच हातांवर वाढली. मी तिचं बोचकं बांधलं. बोदोने ते सोडलं.

"ती जाणार नाही, ताई."

"का? देवाबरोबर तिलाही बांधलंस का?"

"साखळी घडवणाऱ्याचीच पोर पळाली, तर लोक काय समजतील?"

"समजतील की बाप शहाणा आहे!"

"लोकांचा धीर सुटेल. भिंत सोडून पळतील."

"पळू देत. भिंती छप्पन्न मिळतील. पोर एकच आहे तुला."

माझ्या तोंडाला हाड नाही. त्याच्या साखळीला मी कुत्र्याची साखळी म्हणाले. तेवढं बोलायला नको होतं.

शेवटचं जहाज निघायचं त्या सकाळी मी धक्क्यावर उभी होते आणि पोरीशिवाय फळीवर पाय पडत नव्हता. तेवढ्यात बोदो भर गर्दीतून आला, अरिशतला कडेवर घेऊन. लोकांनी वाट दिली. एका म्हातारीने विचारलंच, "बोदो, साखळी कच्ची राहिली का रे?"

"साखळी पक्की आहे, आजी."

पोरीला माझ्या हाती देताना तो हळूच म्हणाला, "शेवटची कडी बसवली आणि मनात आलं, राहणाऱ्याला कुणी बांधत नाही गं, ताई."

"मग तूही चल."

"मी बांधलंय त्याला. मीच कसा निघू?" मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी इथंच आहे. वेदीपाशी बसतोय, हवं त्याने येऊन बघावं!"

लोक परत भिंतीकडे गेले. आमचं जहाज सुटलं.

सोर पडल्याचं कार्थेजला कळलं. बोदोचं काही कळलं नाही. दोन वर्षांनी मल्किया आमच्या दारात आला, ओळखू न येण्याइतका वाळलेला. अरिशतने त्याला पाणी दिलं आणि समोर बसली. त्याने जे सांगितलं ते असं.

मेलकार्तच्या देवळात शिरलेल्या सगळ्यांना राजाने अभय दिलं होतं. बोदो तिथंच होता आणि त्याच्याशेजारी, परक्या देवाच्या पायाशी, मल्किया. मग ग्रीकांना बांधलेला देव दिसला. हे पाप कुणी केलं, असं त्यांच्या सरदाराने विचारलं. बोदोचं नाव कुणी घेतलं नाही. त्यांच्या कारागिरांना साखळीचा सांधा सापडेना, म्हणून त्यांनी घण आणला. पहिल्याच घावाला मूर्तीच्या घोट्याला चीर गेली.

"बोदो उठला," मल्किया म्हणाला. "मी अंगरखा ओढला त्याचा. म्हटलं, अभय मिळालंय, बस गुपचूप. तर मला म्हणतो, 'त्याला लागतंय, मल्किया.' गेला, दोन बोटांनी कडी सोडवली. ती घडवणारा हाच, हे त्यांनी ओळखलं. मग त्याला किनाऱ्यावर नेलं, पकडलेल्या इतरांना जिथं खांबांवर टांगत होते तिथं."

पाण्याचं भांडं खाली ठेवून तो म्हणाला, "आमचा संदेष्टा खरा ठरला, बाई. मला त्याचं काडीचंही सुख नाही."

अरिशतने मला विचारलं, "आत्या, मी तिथं असते, तर बाबा उठले असते का?"

"उठलाच असता," मी म्हणाले. तिने विश्वास ठेवला. मला ठाऊक आहे, पोर मांडीवर असती तर माझा भाऊ जागचा हलला नसता.