दारावरचा डोसेंट

आमच्या भूशास्त्र विभागाच्या दाराला वीस वर्षांत रंग लागलेला नाही, आणि ते कुणाच्या लक्षातही आलेलं नाही. दार दिसतं कुठे! माणूस गेला की त्याच्या फोटोचा, काळ्या चौकटीचा कागद दारावर लागतो. चाळीस दिवसांनी दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा, वर्षाने चौथा, आणि मग घरच्यांचा उत्साह टिकेल तोवर दरवर्षी एक. दान्यूबवरून वारा आला की कागदांचे कोपरे सुटतात, ते मी चिकटवते. मी दोब्रिंका, डीनच्या कचेरीतली सेक्रेटरी. टेप माझ्या खणात असते म्हणून हे काम माझं.

दुसरं काम यादीचं. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी, लोकशिक्षकांच्या सणाच्या आदल्या दुपारी, सगळे सभागृहात उभे राहतात आणि डीन विभागाच्या दिवंगतांची नावं वाचतात. आधी पदवी, मग नाव, मग आडनाव. एकशे सतरा नावं, पंचवीस मिनिटं. यादी टाइप करते मी. एकोणीस वर्षांत एक गोष्ट शिकले: नावात चूक झाली तर घरचे रडतात, पदवीत चूक झाली तर प्रोफेसर रडतात. एकदा एका दिवंगत प्रोफेसरांना मी चुकून डोसेंट केलं, म्हणजे एक पायरी खाली उतरवलं. दुसऱ्या दिवशी त्यांचे तीन विद्यार्थी तीन वेगवेगळे तक्रारअर्ज घेऊन माझ्या टेबलापुढे रांगेत उभे होते.

या मे महिन्यात नवे डीन दारापाशी थबकले. नवीन आहेत, अजून दार वाचतात.

"दोब्रिंकाबाई, हे डोसेंट वेल्चेव कोण? 'नऊ वर्षं तुमच्याविना' असं लिहिलंय. आपल्या यादीत हे नाव मला आठवत नाही."

मी कागद पाहिला. डोसेंट अस्पारूख वेल्चेव. रुंद चेहरा, मिशा, गळ्यात टाय नाही. हा कागद मी दरवर्षी चिकटवत आले होते, पण वाचला कधीच नव्हता. रोजचं तोंड कोण निरखून बघतं?

"बघते," मी म्हणाले.

अध्यापकांच्या रजिस्टरमध्ये वेल्चेव नव्हताच. मग मी शिक्षकांना विचारत सुटले, आणि तिथे खरी मजा सुरू झाली. 'मला माहीत नाही' हे वाक्य आमच्या इमारतीत कुणी उच्चारत नाही. एक जण म्हणाले, "वेल्चेव ना? हो हो, जीवाश्मवाला. सज्जन माणूस." दुसरे म्हणाले, "तो तर वार्नाला गेला नंतर." तिसऱ्या बाई म्हणाल्या, "बिचारा. फार प्यायचा." एकाच माणसाबद्दल तीन साक्षीदार, आणि तिघांनीही त्याला पाहिलेलं नाही, हे मला पैजेवर सांगता आलं असतं.

आता मला राहवेना. माणूस खोटा म्हणावा तर फोटो खरा होता. फोटो मी कचेरीतल्या भिंगाखाली धरला. वेल्चेवच्या छातीवर रबराचा एप्रन होता. मागे फळी, आणि फळीवर काचेच्या पट्ट्यांचे लाकडी खोके. ते खोके मी ओळखले, कारण आजही ते तळघरात आहेत. डोसेंट लोक एप्रन घालून फोटो काढत नाहीत.

उन्हाळा संपता संपता मला तो कारागिरांच्या हजेरीपटात सापडला. वेल्चेव, अस्पारूख. प्रिपरेटर, पुढे ज्येष्ठ प्रिपरेटर, पस्तीस वर्षं. प्रिपरेटर म्हणजे दगड कापणारा. दगडाची चकती काचेवर चिकटवायची आणि घासत राहायचं, इतकं की तिच्यातून उजेड आरपार जावा. मग प्रोफेसर सूक्ष्मदर्शकातून ती बघतात आणि त्यावर प्रबंध लिहितात. प्रबंधावर नाव प्रोफेसरांचं. आणि आमच्या यादीत फक्त शिकवणारे. दगड कापणारे नाहीत, ग्रंथपाल नाहीत, ड्रायव्हर नाहीत. मी मेले तर मीही नाही, आणि यादी टाइप करणारी मीच! हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

पण मग त्याला डोसेंट कुणी केलं? हजेरीपटात पत्ता होता. मी गेले.

चौथा मजला, लिफ्ट बंद. दार उघडलं ते पंच्याहत्तरी ओलांडलेल्या बाईने, हातात छोटी हातोडी. स्वयंपाकघरात टेबलभर अक्रोड पसरले होते.

"कुठून आलात?"

"विद्यापीठातून."

तिने हातोडी खाली ठेवली. "भांडायला?"

"नाही," मी म्हणाले. मग म्हटलं, आलेच आहे तर खरं बोलावं. "थोडंसं."

"मग बसा ना! उभ्याने कसलं भांडण? बानित्सा खाणार? भोपळ्याची आहे, सकाळचीच."

तिचं नाव नेव्याना. अस्पारूखची बायको. मी बानित्साचा तुकडा घशाखाली उतरवला आणि म्हणाले, "बाई, तुमचे यजमान डोसेंट नव्हते."

"नव्हतेच," ती म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, हिने नीट ऐकलं नसावं.

"मग कागदावर डोसेंट कुणी लिहिलं?"

"मीच. पहिल्या वर्षी खरं लिहिलं होतं, ज्येष्ठ प्रिपरेटर. कुणी ढुंकून पाहिलं नाही. ना फोन, ना चिठ्ठी. तो म्हणायचा, 'नेव्याना, आमच्याकडे माणूस मेला तरी चालतं, पदवी चुकलेली चालत नाही.' म्हटलं ठीक आहे, चुकवते पदवी. त्याला ओळखणारा कुणीतरी चिडून येईल. हा कसला डोसेंट, म्हणेल, हा तर आमचा दगडवाला. आठ वर्षं झाली वाट बघतेय. तुम्ही पहिल्या."

ती पुढे वाकली.

"तुम्हाला आठवतो ना तो? कसा आठवतो, सांगा की."

खोटं बोलणं किती सोपं होतं! सज्जन माणूस, म्हटलं असतं की झालं. पण तेच तर तिघं मला सांगून गेले होते.

"नाही आठवत," मी म्हणाले. "एक वर्ष आम्ही एकाच इमारतीत होतो. तो तळघरात, मी दुसऱ्या मजल्यावर. मी खाली कधी गेलेच नाही. मला तो हजेरीपटात सापडला."

"अस्सं." तिने हातोडी उचलली आणि एक अक्रोड फोडला. "म्हणजे तुम्ही रजिस्टरमधून आलात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी द्यावं म्हणून मी म्हणाले, "मी त्याचं नाव यादीत घालते. एकतीस तारखेला सभागृहात वाचतील. तुम्ही या."

"नाव काय हो, कुणालाही वाचता येतं. थडग्यावर आहेच की नाव. मला एक माणूस हवाय, त्याला ओळखणारा. एकच. मी गेले की तो कुणाच्याच डोक्यात उरणार नाही." मग ती अक्रोडाची टरफलं गोळा करत म्हणाली, "येईन. त्याच्या नावाने वाटायला गहू उकडून आणते. एवढ्या अक्रोडांचं करू काय?"

एकोणतीस तारखेला मी यादी उघडली. 'ज्येष्ठ प्रिपरेटर अस्पारूख वेल्चेव' असं टाइप केलं आणि बघत बसले. खरं होतं, नीट होतं. आणि हे ऐकून कुणाची मानसुद्धा वळणार नव्हती, हेही मला दिसत होतं. दारावरचा कागद कुणी वाचत नाही. निवृत्त लोक तर वर्षातून एकदाच येतात, ऑक्टोबरात, तोवर मे महिन्यातल्या कागदाच्या चिंध्या झालेल्या असतात. पण सभागृहात ते येतात, आणि कान टवकारून उभे असतात. मी 'ज्येष्ठ प्रिपरेटर' खोडलं आणि 'डोसेंट' लिहिलं. डीननी विचारलं, "सापडला का तुमचा वेल्चेव?" मी म्हणाले, "सापडला." तेही खोटं नव्हतं. निवृत्तीला चार वर्षं उरली असताना असला उद्योग शहाणी बाई करत नाही, हे मला कळत होतं.

नेव्याना काळा कोट घालून आली. एका हातात गव्हाचं भांडं, काचेच्या झाकणाखाली पिठीसाखरेचा थर. दुसऱ्या हातात दोन शेवंत्या. शेवंत्या मी घेतल्या आणि तिला शेवटच्या रांगेत माझ्याजवळ उभं केलं. यादी आडनावांच्या क्रमाने असते, आणि व आमच्या वर्णमालेत तिसरा, म्हणून नाव लवकरच आलं.

"डोसेंट अस्पारूख वेल्चेव," डीननी वाचलं.

काही नाही. कुणीतरी खोकलं. डीननी पुढचं नाव वाचलं, त्याच्या पुढचंही. नेव्यानाने मान खाली घातली आणि भांड्याचं झाकण उगाच सारखं केलं. मला माझाच राग आला. म्हातारीला चार मजले उतरवून, बसमध्ये घालून आणलं ते यासाठी?

तेवढ्यात पहिल्या रांगेत काठी आपटली. प्रोफेसर कुर्तेव. चौऱ्याऐंशी वर्षांचे, त्यांना ऐकू येतं सगळं, फक्त जरा उशिरा पोचतं.

"थांबा! मागे जा. वेल्चेव डोसेंट कधी झाला?"

डीन माझ्याकडे बघू लागले. "प्रोफेसर, यादीत तसं आहे..."

"यादी गेली खड्ड्यात! तो ज्येष्ठ प्रिपरेटर होता. माझ्या प्रबंधाच्या चारशे बारा चकत्या त्याने घासल्या, एक फुटली नाही. डोसेंट म्हणे! आमच्या डोसेंटांना दगडाची वरची बाजू कुठली हे त्याला विचारावं लागायचं."

"फुटायच्या हो," मधल्या रांगेतून एक निवृत्त बाई म्हणाल्या. "माझ्या दोन फुटल्या. मग तो शिव्या द्यायचा. मला नाही, दगडाला."

"तुम्हालाच द्यायचा," मागून कुणीतरी म्हणालं. "तुम्ही बाहेर गेल्यावर."

सभागृह हसलं. दिवंगतांच्या यादीला आमच्याकडे कधी कुणी हसलेलं नाही. आणखी एक जण म्हणाला, की चिखलाचे बूट घालून गेलं तर वेल्चेव रेक्टरलाही दारातून परत पाठवायचा. "पाठवला होता," कुर्तेव म्हणाले. "मी तिथे होतो." नेव्यानाने माझा दंड घट्ट धरला होता. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी गालावर येत होतं, आणि पुसायला तिचा एकही हात मोकळा नव्हता.

"दुरुस्ती करा, दोब्रिंकाबाई," डीन म्हणाले.

"करते," मी म्हणाले.

नंतर सगळ्यांनी कागदी द्रोणात गहू घेतले, देव त्याला क्षमा करो म्हणाले आणि खाल्ले. कुर्तेवनी दोनदा घेतले आणि साखर जास्त झाली म्हणून सांगितलं. डीन मला बाजूला घेऊन म्हणाले, "एकोणीस वर्षांत अशी चूक?"

"वय झालं, डीनसाहेब."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नेव्यानाकडे पाहिलं. "पुढच्या वर्षी यादीत आणखी कोण कोण राहिलंय ते बघा," एवढंच म्हणाले. ग्रंथपाल आणि ड्रायव्हर धरून मला आतापर्यंत एकेचाळीस सापडलेत.

मे महिन्यात दारावर नवा कागद लागला. तोच फोटो, एप्रनसकट. 'दहा वर्षं तुमच्याविना. अस्पारूख वेल्चेव, ज्येष्ठ प्रिपरेटर, विभागात १९७१ ते २००६.' मी टेप घेऊन बाहेर आले तेव्हा त्यावर आधीच कुणीतरी, ऑक्टोबरची वाट न बघता, निळ्या पेनने, थरथरत्या अक्षरात लिहून गेलं होतं: 'ज्येष्ठ फक्त १९८४ पासून. कुर्तेव.'

त्याखाली दुसऱ्या अक्षरात होतं: '१९८३.'

हजेरीपट कचेरीत होता, बघायला दोन मिनिटं लागली असती. मी फक्त कोपरे चिकटवले.