वेष बदललेल्या पोरांची चित्रकथा

वाचनालय म्हटलं की तक्रारी आल्याच. कुणी पानं फाडतं, कुणी मासिक घरी नेऊन परतच आणत नाही. पण एकाहत्तर साली राहुरीकडच्या एका गावातल्या वाचनालयात जी तक्रार आली, तशी त्याआधी कधी आली नव्हती. तक्रार एका जपानी पुस्तकाची होती आणि तक्रार करणारे खुद्द अध्यक्षच होते.

"पोरं लुगडी नेसून फिरत्यात त्याच्यात! चित्रं काढल्यात पानोपान!" अध्यक्ष भिमाजीअण्णांनी पुस्तक टेबलावर आपटलं. "असलं वाचून आमच्या पोरांनी काय शिकायचं? जाळून टाका म्हंतो मी. बाई, तुमी तेवढी ठरावावर सही करा."

पुस्तक दिलं होतं नूरमहंमद इनामदारांनी. ते साखर कारखान्यात इंजिनिअर होते. यंत्रांच्या प्रशिक्षणासाठी वर्षभर जपानला राहून आले होते आणि येताना ही चित्रकथा घेऊन आले होते. तिकडची पुस्तकं आपल्या उलट, उजवीकडून उघडून वाचतात. चित्रांमधल्या संवादांशेजारी त्यांनी पेन्सिलीनं बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहिले होते.

वाचनालयाच्या समितीत पुष्पावतीबाई या एकट्याच बाई. मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका, आणि शिस्तीला इतक्या कडक की वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी. पुस्तकाचं वर्णन ऐकूनच त्यांच्या कपाळाला आठी पडली होती. तरी त्या म्हणाल्या, "अण्णा, न वाचता मी कशावर सही करत नाही. रविवारी वाचते, सोमवारी जाळू."

अण्णांना ते आवडलं नाही, पण सोमवारपर्यंत थांबायला ते कबूल झाले. बाईंचा धाकटा भाऊ गोरक्ष त्यांचा होणारा जावई होता. अण्णांच्या मुलीशी, मनकर्णाशी, त्याची सुपारी नुकतीच फुटली होती.

या गोरक्षचंच एक दुखणं बाईंच्या मनात होतं. गावच्या जत्रेतल्या नाटकात बायका काम करत नसत. नायिकेचं काम दरवर्षी गोरक्षच करायचा, आणि फार सुरेख करायचा. पण सुपारी फुटल्यावर बाईंनी त्याला बजावलं होतं, "आता हे बास. लोक हसतात." तेव्हापासून तो घरात मोजकंच बोलायचा.

रविवारी दुपारी बाईंनी पुस्तक उघडलं. चेहरा असा, जणू चुकांनी भरलेल्या उत्तरपत्रिका तपासायला बसल्यात.

गोष्ट मुलांच्या एका शाळेतली होती. नाटकात बाईची कामं करायला कुणी नाही म्हणून जुन आणि ताकाओ हे दोघे मित्र बायकांचे किमोनो, म्हणजे तिकडचे पायघोळ झगे, घालतात. दांडगट ताकाओ ऐटीत निघतो आणि पाय अडकून सरळ गटारात! बाईंना हसू फुटलं. त्यांनी दाराकडे पाहिलं, कुणी नव्हतं, मग त्या मोकळेपणी हसल्या.

पुढं मात्र हसू मावळलं. ताकाओला त्या वेषात धावता येईना. रस्त्यावरची माणसं त्याला खालून वर न्याहाळू लागली. पाहुण्यांच्या घरी तर बाई समजून चहा ओतायची किटली आपोआप त्याच्याच हातात आली! जुनचं वेगळंच होतं. नाटक संपलं तरी त्याला तो लाल किमोनो सोडवेना. त्यात त्याला बरं वाटायचं, एवढंच कारण. गावातली पोरं त्याच्यावर चिखल फेकू लागली. आणि एका सकाळी तोच दांडगट ताकाओ पुन्हा किमोनो नेसला, त्यानं जुनचा हात धरला आणि तो भर बाजारातून त्याच्या बरोबरीनं चालत गेला.

बाईंचे डोळे भरून आले. अश्लील, चावट, वाह्यात असं काहीतरी मिळेल म्हणून त्या बसल्या होत्या, आणि हाती लागली ती मैत्रीची गोष्ट!

त्या तडक इनामदारांच्या घरी गेल्या. "इनामदारसाहेब, एक विचारते. तो जुन नाटक संपल्यावरही तसाच का राहतो? ते काही मला नीट उमगलं नाही."

"बाई, मलाही पूर्ण उमगलं नाही," इनामदार हसले. "पण मला सांगा, त्यानं कुणाचं काय बिघडवलं? चिखल फेकणाऱ्यांना कुणी जाब विचारत नाही, आणि चिखल अंगावर घेणाऱ्याला सगळे विचारतात, तू असा का! आपल्या गावात वेगळं काय चाललंय?"

 घरी आल्यावर बाईंनी गोरक्षला समोर बसवलं. "खरं सांग, नाटकात बाई होताना तुला लाज नाही वाटत?"

"अक्का, लाज लोकांच्या हसण्याची वाटती," गोरक्ष खाली बघत म्हणाला. "लुगड्याची न्हाई वाटत. उलट पदर सावरत दहा माणसांपुढनं जायचं म्हणजे काय, ते मला तिथंच कळलं. तू रोज शाळेत कशी जात असशील, ते तवा ध्यानात आलं."

बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आपण याला काय म्हणून अडवलं, याचा त्यांना मनापासून पस्तावा झाला. आता काय करायचं ते ठरलं.

सोमवारी समिती भरली. काडीपेटी अण्णांनी खिशातच आणली होती.

"हे पुस्तक जळणार नाही," बाई उभ्या राहून म्हणाल्या. "मी जाळायच्या तयारीनं वाचलं. यात वाईट एकच आहे, ती चिखल फेकणारी माणसं. आणि जत्रेत माझा गोरक्ष यंदाही नायिकेचं काम करणार."

अण्णा लालबुंद झाले. "मग ही सोयरीक मोडली समजा!"

 सबंध गावात बोभाटा होणार, हे बाईंना दिसत होतं. तरी त्यांचा आवाज हलला नाही. "मोडायची तर मोडा, अण्णा. पण ज्यानं पुस्तकही वाचलं नाही आणि पोरगाही ओळखला नाही, अशा माणसाचा निकाल मी मानणार नाही. आधी वाचा!"

त्यांनी पुस्तक अण्णांच्या हातात दिलं. सगळी समिती बघत होती. नाही म्हणावं तर भ्यालो असं दिसणार. अण्णा पुस्तक काखेत मारून तरातरा निघून गेले.

आठवडा सरत आला तशी बाईंनी आशा सोडली. मग एका सकाळी अण्णा दारात उभे. चेहरा ओशाळलेला.

"बाई, ते पोरगं गटारात पडतंय तिथं मी लई हसलो की वो!" ते ओट्यावर टेकले. "पन ती चहाची किटली... घरात मनकर्णाच्या हातात मी रोज अशीच देतो. कदी ध्यानातच आलं न्हाई. तिनंबी वाचलं. म्हनली, आन्ना, बाईमानसाचं जिनं ज्याला कळतं असा नवरा मिळतोय, आन् तुमी मोडाया निघालाय?"

"मग?" बाईंनी विचारलं.

"मग काय! जत्रा झाली की तारीख काढू. नाटकाला आमी समदी पुढं बसनार हाय."

वाचकहो, आपण किती माणसांवर अशीच न वाचता काट मारतो! कुणी कसं नेसावं, कसं चालावं, कशात रमावं, याचे निकाल चावडीवर बसून देतो आणि हसून हसून चांगल्या माणसांना घरात कोंडतो. कपड्यानं कुणी हलका होत नाही. दुसऱ्यावर चिखल फेकणारा मात्र नक्की होतो. तेव्हा हसण्याआधी जरा जवळ जाऊन बघा, आणि गर्दीत कुणी एकटा चालताना दिसला तर त्याच्या बरोबरीनं चार पावलं टाका.